चौदाव्या वर्षीच व्हावी अठराव्याची तयारी

अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस कायद्याने सज्ञान होतो. बहुतेक घरांत त्या दिवसाने फारसं काही बदलत नाही. मतदार यादीत नाव घालायचं असतं, वाहन चालवण्याचा परवाना काढायचा असतो आणि आयुष्य पुढे चालू राहतं. घरात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल तर मात्र त्याच एका तारखेला बऱ्याच गोष्टी एकदम संपतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ ने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंतचा आहे. अंगणवाडी आणि शाळेत येऊन मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच आहे. विशेष शाळेचा पट अठराशी बांधलेला आहे. आई-वडील मुलाचे नैसर्गिक पालक असतात तेही अठरापर्यंतच. त्यानंतर त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांना आपोआप राहत नाही. ‘अज्ञान’ म्हणून उघडलेल्या बँक खात्यासाठी बँक आता खातेदाराची स्वतःची सही मागते. दुसरीकडे निवृत्तिवेतन, प्रौढांची कार्यशाळा, स्वयंरोजगाराचं कर्ज, नोकरीतलं आरक्षण हे सगळं याच वयापासून सुरू होतं. पण त्यातलं काहीही आपणहून दारात येत नाही. प्रत्येकासाठी वेगळं कार्यालय, वेगळा अर्ज, वेगळे दाखले. बालपणीच्या व्यवस्थेकडून प्रौढपणीच्या व्यवस्थेकडे या तरुणाला नेऊन सोडणं हे कुणाचंच ठरलेलं काम नाही. माझ्या मते सातारा-सांगलीतल्या दिव्यांग तरुणांची सर्वांत मोठी अडचण योजनांची उणीव ही नाही. दोन व्यवस्थांच्या मधली ही रिकामी जागा हीच ती अडचण आहे, आणि ती भरायची तर काम अठराव्या वर्षी नव्हे, चौदाव्या वर्षी सुरू व्हायला हवं.

प्रश्न किती जणांचा आहे, हे आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, लोकसंख्येच्या २.६ टक्क्यांच्या आसपास. त्या वेळी सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. राज्याचंच प्रमाण धरलं तरी या दोन जिल्ह्यांत मिळून दिव्यांगांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते. ती जनगणना दिव्यांगत्वाचे आठच प्रकार मोजत होती. २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मान्य करतो, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार. यातला लहानसा हिस्सा जरी दरवर्षी अठरा पूर्ण करत असला तरी साताऱ्याच्या अकरा आणि सांगलीच्या दहा तालुक्यांत असं एकही वर्ष जात नाही की ज्यात काही कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहत नाही. याच जनगणनेनुसार देशातल्या दिव्यांगांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होते आणि कमावणारे होते केवळ ३६ टक्के. शाळा आणि कमाई यांच्यामधल्या वाटेवर किती जण गळतात, ते या दोन आकड्यांत दिसतं.

या वाटेवरचा पहिला थांबा म्हणजे प्रमाणपत्र. लहानपणी मिळालेलं दिव्यांगत्व प्रमाणपत्र जन्मभर चालेल, असं अनेक पालक धरून चालतात. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या बाबतीत तसं नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलाची तपासणी ५, १० आणि १८ व्या वर्षी पुन्हा व्हावी लागते आणि अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्रच कायमचं धरलं जातं. म्हणजे प्रौढांच्या योजनांसाठी अर्ज करायचा नेमक्या त्याच वेळी जुना कागद निरुपयोगी होतो. या तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ लागतात, आणि ते मुख्यतः साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयासारख्या किंवा सांगली-मिरजेच्या मोठ्या शासकीय रुग्णालयांतच भेटतात. जतहून सांगलीचं अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे. गाडीच्या आवाजाने, गर्दीने बिथरणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन पाटणच्या खोऱ्यातून किंवा माणच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याला जायचं, रांगेत थांबायचं आणि ‘पुढच्या तारखेला या’ ऐकून परत यायचं, यात घरच्या दोघांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. जतच्या पूर्व भागातल्या कन्नड बोलणाऱ्या घरातल्या मुलाची बुद्धिमापन चाचणी मराठीत घेतली, तर निष्कर्ष किती खरा येईल, हाही साधा प्रश्न आहे.

प्रमाणपत्रावर जो टक्का लिहिला जातो, त्यावर पुढची सगळी गणितं ठरतात. केंद्राच्या याच मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वाला ५० टक्के, मध्यम स्वरूपाला ७५ टक्के आणि तीव्र स्वरूपाला ९० टक्के दिव्यांगत्व धरलं जातं. आता दारिद्र्यरेषेखालच्या दिव्यांगांसाठी असलेली केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना पाहा. वय १८ ते ७९ आणि दिव्यांगत्व किमान ८० टक्के, ही तिची अट. मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व असलेला तरुण स्वतःचं जेवण वाढून घेईल, ओळखीच्या दुकानातून वस्तू आणेल. पण पैशाचा व्यवहार, औषधांची वेळ, एकट्याने प्रवास यांसाठी त्याला जन्मभर सोबत लागते. तरीही ७५ टक्के म्हणून तो या योजनेच्या बाहेर राहतो. टक्केवारी सांगते दोष किती आहे. आधार किती लागतो, ते ती सांगत नाही. कायद्याच्या कलम ३८ मध्ये ‘अधिक आधाराची गरज’ स्वतंत्रपणे ठरवण्याची तरतूद आहे, ती याच कारणासाठी. अठराव्या वर्षीच्या तपासणीलाच या गरजेची नोंद जोडली गेली, तर पुढची प्रत्येक योजना त्या नोंदीवर उभी राहू शकेल.

महाराष्ट्रात या तरुणांचा मुख्य आधार आहे संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालू असलेल्या या योजनेत ४० टक्के दिव्यांगत्व पुरतं. २०२५ मध्ये दिव्यांगांची दरमहाची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच आहे. अडचण आहे उत्पन्नाच्या अटीची. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांहूनही कमी. कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात नवरा-बायको दोघं शेतमजुरीला जात असतील, तर त्यांची खरी कमाई या रेषेखाली बसणं अवघड. मग दोनच पर्याय उरतात: तलाठी-तहसीलदारांकडून न पटणाऱ्या आकड्याचा दाखला मिळवणं किंवा हक्क सोडून देणं. गरिबाला खोटं बोलायला लावणारी अट मुळातच सदोष असते. यातली विसंगती जास्त खोल आहे. कायदा या तरुणाला सज्ञान म्हणतो, मतदार म्हणतो, करार करण्याचा अधिकार देतो; पण मदत द्यायची वेळ आली की तो पुन्हा बापाच्या उत्पन्नावर मोजला जातो. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. म्हणजे वर्षाला लाखभर कमावणाऱ्या एकाच घरात कॉलेजात जाऊ शकणाऱ्या अस्थिव्यंग मुलीला मदत मिळते, आणि जो कॉलेजात कधीच जाऊ शकणार नाही अशा तिच्या बौद्धिक दिव्यांग भावाला मिळत नाही. ज्याची गरज मोठी, त्याच्यासाठीच दार अरुंद, असा हा उलटा न्याय आहे. अठरा पूर्ण झालेल्या दिव्यांगाचं उत्पन्न त्याचं स्वतःचं धरावं, निदान मर्यादा शिष्यवृत्तीच्या पातळीवर आणावी, ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही.

यावर पहिला आक्षेप येतो पैशांचा: राज्याच्या तिजोरीवर आधीच भार आहे, त्यात हे कुठून आणणार? आक्षेप टाळण्यासारखा नाही. उत्पन्नाची मर्यादा वाढवली, तर नवा खर्च होईलच. पण या लेखातल्या निम्म्याहून अधिक गोष्टींना नवा पैसा लागत नाही. असलेला पैसा वेळेवर आणि नेमक्या ठिकाणी जाणं लागतं. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. अनेक गावांत ही रक्कम वर्षाअखेरीस काही वस्तू किंवा थोडे रोख पैसे वाटून संपवली जाते. त्याच पैशातून पाच-सहा गावांनी मिळून प्रौढ दिव्यांगांसाठी दिवसभराचं एक केंद्र चालवलं किंवा तपासणीसाठी जिल्ह्याला जाण्या-येण्याची गाडी दिली, तर त्याचा उपयोग वर्षभर होईल. दुसरं असं की, हा खर्च आज होतच नाही असंही नाही. तो घरातली आई करते. मुलाची शाळा सुटली की तिचा रोजगारही सुटतो, कारण आता दिवसभर त्याच्याजवळ कुणीतरी लागतं. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख करतं. केरळमध्ये आश्वासकिरणम् नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्या आणि तीव्र दिव्यांगांची देखभाल करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरात होणारं हे कामच आहे, ही ओळख तिने सरकारी पातळीवर दिली. महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही. ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग जाहीर करणारं हे राज्य आहे.

कागदपत्रांइतकाच नाजूक प्रश्न आहे निर्णयांचा. अठरा वर्षांनंतर बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या वतीने निर्णय कोण घेणार? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ ने वाट करून दिली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य असतो. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करतात आणि समिती कायदेशीर पालक नेमते. समितीने दिलेल्या पालकत्व प्रमाणपत्रावर बँकांनी खातं चालवू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सांगितलं आहे. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि त्याने हयगय किंवा अफरातफर केली तर समिती त्याला काढू शकते. कृष्णाकाठच्या गावांत या तरतुदीचं महत्त्व जमिनीमुळे वाढतं. वडील वारले की वारसनोंदीत दिव्यांग मुलाचं नाव लागतं आणि लवकरच कुणीतरी हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतं. व्यवहार समजू न शकणाऱ्या माणसाने केलेला करार कायद्यात टिकत नाही. पण ते कोर्टात सिद्ध करायला कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तोवर सातबारा बदललेला असतो. नेमलेला पालक असेल तर तो आणि त्याच्याबरोबर समितीही अशा व्यवहाराचा जाब विचारू शकतात.

म्हणून प्रत्येक दिव्यांग तरुणासाठी अठराव्या वर्षी सरसकट पालक नेमावा का? अनेक पालकांना तसंच वाटतं, आणि त्यामागे प्रेम आणि धास्ती दोन्ही असतात. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. राष्ट्रीय न्यास कायदाच समितीला आधी दोन प्रश्न विचारायला सांगतो: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कशासाठी? संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ च्या कायद्याचं कलम १४ मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतं, ज्यात ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, दोघांनी मिळून विश्वासाने निर्णय घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सुचिता श्रीवास्तव प्रकरणात एका सज्ञान बौद्धिक दिव्यांग स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं, तेही याच तत्त्वावर. सौम्य दिव्यांगत्व असलेल्या मुलीला शेतीचा करार कळणार नाही. पण कुणाबरोबर राहायचं, काय काम करायचं, मत कुणाला द्यायचं हे ती सांगू शकते. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवल्याशिवाय तिचं नाव मतदार यादीतून वगळताही येत नाही. संरक्षण जमिनीचं करावं आणि निर्णय माणसाच्या हाती ठेवावा, असा मेळ घालायचा तर समितीला त्या तरुणाची ओळख हवी. आणि ओळख एका बैठकीत होत नाही. चौदाव्या वर्षापासून शिक्षकांनी लिहिलेली नोंद समितीपुढे असेल, तर तो काय समजू शकतो, कशात त्याला मदत लागते, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

तिसरी बाजू कामाची. ‘ही मुलं काय काम करणार’ असं सहज म्हटलं जातं. त्याला उत्तर याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ची रीत रुजवली. ज्याच्याकडे फी भरायला पैसे नाहीत त्याने हाताने काम करून शिकावं, आणि त्या कामाला कमीपणा नसावा, हा विचार या जिल्ह्याने देशाला दिला. दिव्यांग मुलांसाठी तोच विचार वेगळ्या क्रमाने लागू पडतो: शिकता-शिकता कामाची सवय. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांत चौदा-पंधरा वर्षांपासून पूर्व-व्यावसायिक गट असतो, पुढे अठरानंतर कार्यशाळा. अडचण अशी की शाळांच्या मानाने कार्यशाळा फारच थोड्या आहेत, आणि असलेल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं त्याच मेणबत्त्या, तीच पाकिटं, तेच कागदी हार होतात, ज्यांना आजूबाजूच्या बाजारात मागणी नसते. तासगावला बेदाण्याची प्रतवारी होते, सांगलीला हळद पॅक होते, महाबळेश्वर-वाईकडे स्ट्रॉबेरीची रोपं आणि फळांची हाताळणी असते, सगळीकडे दूध संकलन आणि रोपवाटिका आहेत. टप्पे ठरलेले, तेच ते, डोळ्यांसमोर होणारं काम नीट शिकवलं तर अनेक बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न तरुण ते चिकाटीने करतात. ज्या खासगी आस्थापना निदान ५ टक्के दिव्यांगांना कामावर घेतील त्यांना सवलती देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या या जिल्ह्यांतल्या कारखान्यांनी, दूध संघांनी आणि बाजार समित्यांनी जवळच्या विशेष शाळेतल्या मोठ्या मुलांना सोळाव्या वर्षापासून आठवड्यातून एक-दोन दिवस सरावासाठी यायला जागा दिली, तरी अठराव्या वर्षी शाळेचं दार बंद होताना दुसरं दार उघडं असेल.

ज्यांना शिकायचं आहे त्यांची वाट वेगळी, पण तीही तितकीच अडखळती. उच्च शिक्षणात दिव्यांगांना ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. तरी दृष्टिहीन मुलाला अकरावीत लेखनिक कोण शोधून देणार, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला वसतिगृहात तळमजल्याची खोली कोण मिळवून देणार, ही उत्तरं दहावीच्या निकालानंतर शोधून उपयोग नाही. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा-भाषेच्या दिव्यांगत्वाचा टक्का चाळीसहून अधिक असल्यामुळे वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवलं गेलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्क्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासावं लागेल. आधार किती लागतो ते पाहा, हेच न्यायालयाने वेगळ्या शब्दांत सांगितलं. सांगली जिल्ह्याला तर दाखले दूर शोधावे लागत नाहीत. पॅरालिंपिकमध्ये भारताला १९७२ साली पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर इस्लामपूरजवळच्या पेठचे, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे. त्यांच्या जिद्दीचा अभिमान बाळगावाच. पण असामान्य जिद्द असलेला माणूसच पुढे जाऊ शकतो अशी व्यवस्था ठेवून आपण बाकीच्यांवर अन्याय करतो. सामान्य कुवतीच्या सामान्य तरुणालाही सामान्य आयुष्य जगता आलं पाहिजे, हीच व्यवस्थेची खरी कसोटी.

आता सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप. आपल्याकडे कुटुंब आहे, आई-बाप मुलाला कधी टाकत नाहीत, बहीण-भाऊ सांभाळतात, मग यात सरकार कशाला, असं म्हटलं जातं. कुटुंबांनी आजवर केलं ते मोठंच आहे, त्याला उणं लेखायचं कारण नाही. पण कुटुंबाची ताकद आज कुठे आहे, तेही पाहायला हवं. साताऱ्याच्या डोंगरी गावांतले तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामासाठी गेले. खानापूर-आटपाडीची घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगली. गावात राहिले ते वृद्ध आई-वडील आणि त्यांच्याजवळ दिव्यांग मूल. मूल अठराचं असताना आई पन्नाशीची असेल, तर ती पंच्याहत्तरीला पोहोचेल तेव्हा मूल त्रेचाळीस वर्षांचं असेल. त्यापुढच्या वर्षांची व्यवस्था तिच्या डोळ्यांदेखत लागलेली असणं, हीच तिच्या काळजीची खरी कदर. पालकांनी स्वतः हे ओळखून पावलं उचलली आहेत. बदलापूर आणि नाशिक इथे ‘आधार’ या पालकांच्या संस्थेने, आणि डोंबिवलीजवळ खोणी इथे अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभारून, प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या कायमच्या निवासाची सोय केली. जी मुलं मुळात निराधार, त्यांचा प्रश्न तर याहून बिकट. बालगृहातला मुक्काम कायद्याने अठरापर्यंत. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर अठरानंतरही अशांना तिथेच राहू देणारा कायदा व्हावा, अशी मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; मागणी मात्र अजून पूर्ण व्हायची आहे.

मग काय करावं? मांडणी साधी आहे. मूल चौदा वर्षांचं झालं की शाळेने, पंचायत समितीच्या विशेष शिक्षकाने आणि पालकांनी एकत्र बसून, शक्य तिथे मुलालाही विचारून, त्याच्या अठरानंतरच्या आयुष्याचा आराखडा लिहावा आणि दरवर्षी तो तपासावा. शाळाबाह्य मुलांसाठी हे काम आशा सेविकेच्या यादीवरून सुरू करता येईल. इंग्लंडमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांच्या अशा नियोजनाची सुरुवात तेरा-चौदाव्या वर्षी होते आणि शिक्षण-आरोग्याचा आराखडा पंचवीस वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. अमेरिकेत सोळाव्या वर्षापर्यंत तो शाळेच्या आराखड्यात यावाच लागतो. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे मान्य. पण एक वही, एक जबाबदार माणूस आणि ठरलेल्या तारखा याला श्रीमंत देश असावं लागत नाही. त्या वहीत काय असावं, हे पालकांनाही माहीत हवं. पंधराव्या वर्षी आधार कार्डाचं बोटांच्या ठशांचं नूतनीकरण, कारण पुढचं अनुदान आधार जोडलेल्या खात्यातच येतं. सतरा पूर्ण होताच वैश्विक दिव्यांग ओळखपत्राच्या (यूडीआयडी) नोंदणीची, जन्मदाखल्याची, रहिवासी आणि उत्पन्न दाखल्याची जुळवाजुळव. अठरा होताच पुन्हा तपासणी, मतदार नोंदणी, तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेचा अर्ज आणि गरज असेल तरच, लागेल तेवढ्यापुरताच पालकत्वाचा अर्ज. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. त्याला वयाची अट नाही, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. वडील किंवा आई जुन्या निवृत्तिवेतन योजनेतले शासकीय कर्मचारी असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याचं नाव आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवावं, कारण त्यांच्यामागे त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं.

प्रशासनाकडून अपेक्षा तीनच आहेत. दोन्ही जिल्ह्यांत स्थानिक स्तर समितीच्या बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हाव्यात आणि त्यातल्या काही जत, आटपाडी, पाटण, माण अशा दूरच्या तालुक्यांत व्हाव्यात. सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या फेरतपासणीची शिबिरं तालुक्याच्या गावी, गरज असेल तिथे कन्नड जाणणाऱ्या तज्ज्ञासह, घ्यावीत. आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाने सतरा वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येक दिव्यांग मुलाच्या घरी पत्र पाठवावं, ज्यात पुढे काय करायचं, कुठे आणि कुणाकडे, हे लिहिलेलं असेल. अशा पत्रांनी बोगस लाभार्थी वाढतील, अशी भीती कुणी घालेल. बनावट प्रमाणपत्रांचा त्रास खरा आहे आणि पडताळणी व्हायलाच हवी. पण चौदाव्या वर्षापासून शाळेत, दवाखान्यात, घरी जाऊन घेतलेली सलग नोंद बनावट तयार करणं हे एका दिवसात खोटा दाखला मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. खऱ्या लाभार्थ्याचं जे रक्षण करतं, तेच खोट्याला अडवतं. कृष्णेत पाणी होतं, पण तेवढ्याने जतच्या रानाला ते मिळालं नाही. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने ते टप्प्याटप्प्याने उपसून चढावर न्यावं लागलं. कायदे आणि योजना आज तशाच खाली साठलेल्या आहेत.

२०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ ला अमलात आला. त्या वर्षी नऊ वर्षांचं असलेलं मूल आता अठरा पूर्ण करून त्यापुढे गेलं आहे. या कायद्याने दिलेल्या बालपणाच्या हक्कांत वाढलेली पहिली पिढी आता प्रौढ होते आहे, आणि तिच्या प्रौढपणासाठी आपण काय तयार ठेवलं, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. त्यांना दया नको आहे आणि फक्त कौतुकही नको आहे. त्यांच्या नावाची एक वही, ती सांभाळणारा एक माणूस आणि अठराव्या वर्षी त्यांच्यापर्यंत येणारी व्यवस्था, एवढं दोन जिल्ह्यांनी ठरवलं तर ते या वर्षापासून सुरू करता येण्यासारखं आहे. ज्या जिल्ह्यांनी वसतिगृहं काढून गरिबांच्या मुलांना शाळेत आणलं आणि सहकारातून शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केलं, त्यांना हे जमणार नाही असं म्हणता येत नाही. ते व्हावं यासाठी पालक संघटनांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी आता आग्रह धरला पाहिजे.